वत्सला कासारणीच्या गोळ्या

वत्सला, तुझ्या तेराव्याला लोक काय म्हणाले ते आधी सांगते. तोंडावर बोललेलं तू पचवायचीस, मागून बोललेलं तुला खपायचं नाही, म्हणून सांगते. म्हणाले, कासारीण हाताची हलकी होती, चुडी भरताना दुखू द्यायची नाही. फक्त त्या गोळ्यांच्या भानगडीत पडायला नको होतं. झालं, तेवढ्यात आटोपलीस तू. मला राग आला, पण तेराव्याच्या पंगतीत भांडण काढणं बरं दिसत नाही, म्हणून घरी येऊन लिहायला घेतलं. गोड लिहिणार नाही हेही सांगून ठेवते. तू भांडकुदळ होतीस. बांगड्यांच्या मोबदल्यात ज्वारीचं सूप शिगोशीग भरून घेतल्याशिवाय कुणाच्या ओसरीवरून उठायची नाहीस. आणि जे एक खोटं तू मनापासून बोललीस, ते नको तिथे बोललीस. पण लोक म्हणतात ती बाई तू नव्हतीस. आता तुझ्याशी बोलत लिहिलं तर तू मध्येच ‘तसं नाही वो बाई’ म्हणून तोडशील. तेव्हा जरा बाजूला बस. मला बाकीच्यांना सांगू दे.

वत्सला कासारीण सौंसरची. नवरा पुंडलिकराव दम्याचा, तो बाजारामागच्या गल्लीतल्या दुकानातून हलत नसे. गावोगाव फिरणं वत्सलाकडे. मोहगाव, रामाकोना आणि मधली खेडी तिच्या पायाखालची. टोपलीत बांगड्यांची पुडकी, वर टिकल्या, फण्या, काजळाच्या डब्या. ओसरीवर फतकल मारून बसायची, समोरचीचा हात आपल्या मांडीवर घ्यायची आणि अंगठ्याखालचं हाड असं दाबायची की बांगडी कधी चढली ते कळू नये. तोंड मात्र चालूच. “हात मऊ सोड वं. चोराचा हात धरल्यावानी काऊन धरून राहिली?”

गोळ्यांचं प्रकरण सुरू झालं ते दयेने नव्हे. रामाकोन्याच्या एका घरी सासूने तिला दारातच थांबवलं आणि चार बायांदेखत म्हणाली, तुझा माल कच्चा आहे, सुनेच्या चुड्या आठवडाभर टिकत नाहीत. वत्सलाला काहीही बोला, तिच्या काचेला नाव ठेवायचं नाही. पुढच्या खेपेला तिने टोपलीतल्या जाडजूड बांगड्या निवडून भरल्या. त्याही वाढल्या; कासारीण बांगडी फुटली म्हणत नाही. मग एका सकाळी ती न बोलावता गेली. सून मुद्दाम आपटते की काय ते रंगेहाथ धरायचं, एवढाच विचार. पाहते तर सून जात्यापाशी आडवी, डोळे फिरलेले, तोंडाला फेस, दोन्ही हात फरशीवर आपटतायत आणि काचा उडतायत. सासू तिच्या नाकाला चप्पल लावून बसलेली.

वत्सलाने चप्पल ओढून फेकली, पोरीला कुशीवर वळवलं आणि झटका ओसरेपर्यंत धरून बसली. मग उठून पदर झाडला. “माल कच्चा नाही, बाई. पोरीले मिरगी हाये, अन् तुमी माह्या चुड्याले नाव ठेवून राहिल्या.”

बांगड्या घ्यायला ती नागपूरला इतवारीत जायची. पुढच्या फेरीत त्या सुनेला घेऊन गेली आणि तिथल्या एका डॉक्टरला दाखवलं. गोळी सुरू झाली. चुड्या टिकायला लागल्या. पोर बरी झाली यापेक्षा आपली काच जिंकली याचाच वत्सलाला जास्त आनंद झाला, आणि हे ती लपवतही नसे.

बोलबाला व्हायला वेळ लागला नाही. ज्यांच्या घरी हे दुखणं होतं ते उघड बोलत नसत, पण चुडी भरायच्या निमित्ताने कासारणीच्या कानाशी लागत. इतवारीची फेरी व्हायचीच, त्यात यांच्या गोळ्या आल्या. डॉक्टरने तिला बजावलं होतं की गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, आणि एकदम सोडली तर झटक्यावर झटका येऊन माणूस जाऊ शकतो. हे तिने आपल्या भाषेत करून घेतलं. म्हणायची, “गोळी म्हणजे गाईच्या गळ्यातलं दावं. सोडलं का गाय दुसऱ्याच्या वावरात.”

बायांचं तिला पकडता यायचं. मनगट हातात आलं की कळायचं, भरल्यापासून किती वाढल्या, कोपर कुठे खरचटलं, जीभ चावली गेली का. गोळी चुकवलेली बाई तिच्यापुढे हात लांब करायलाच कचरायची. कुणी म्हणायची, एकादशी होती, उपासाला गोळी चालते की नाही कळलं नाही. “शेंगदाणा चालते न? मंग शेंगदाणा समज अन् गिळ.”

पुरुषांशी जास्त कटकट. रामाकोन्याचा सुखदेव, संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणारा, तब्येतीने दणकट. तो म्हणाला, “मी घेतो न बाई. ज्या दिवशी झटका येईन असं वाटते, त्या दिवशी घेतो.”

“झटका तुले चिठ्ठी टाकून येते का?” वत्सलाने विचारलं. “का पोस्टमन सांगून जाते?”

सुखदेवची बायको हसली, सुखदेवही हसला, पण त्या दिवसापासून बायकोने त्याच्या भाकरीशेजारी गोळी ठेवायला सुरुवात केली. वत्सलाचं काम असं चालायचं. टोमणे, धाक, आणि पुन्हा पुढच्या बाजाराला हजर.

छाया तिची सगळ्यात लाडकी. लाडकी म्हणजे शिव्या कमी खाणारी. सौंसरच्या श्रीधररावांची मोठी मुलगी. ते तहसिलीत बाबू, आई शकुंतलाबाई, धाकटी बहीण जयश्री. छाया नववीत असताना शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पडली. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं आणि वत्सलाला मागच्या दाराने बोलावलं. तेव्हापासून गोळी सुरू. छायाने ती एकदाही चुकवली नाही. मॅट्रिक झाली, बारावी झाली, सायकल चालवायला लागली. इतकी वर्षं झटका नाही म्हटल्यावर डॉक्टरही म्हणाला, आणखी थोडे दिवस, मग मी सांगेन तशी हळूहळू कमी करू. वत्सला ही गोष्ट प्रत्येक घरी सांगायची. नाव घेत नसे, ‘सौंसरची एक पोट्टी’ म्हणायची.

मग मोहगावचं स्थळ आलं. घर चांगलं, दुकान, थोडी बाग. मुलगा रवींद्र, सरळ माणूस. वत्सलाने शकुंतलाबाईंना लग्नाआधी एकच सांगितलं की त्या लोकांच्या कानावर घाला. श्रीधरराव तहसिलीतले, कायदा जाणणारे. ते म्हणाले, “मिरगी असली तर लग्न रद्द होऊ शकतं, असं कायद्यातच लिहिलं आहे. आपणच त्यांच्या हातात कोलीत द्यायचं?” तेव्हा कायदा तसाच होता, त्यांनी काही बनवून सांगितलं नाही.

म्हणजे सासरी गोळी चोरून जायला हवी. ती कोण नेणार? नव्या नवरीच्या खोलीपर्यंत बाहेरची एकच बाई जाऊ शकते, आणि तिच्या टोपलीत काय आहे ते कुणी बघत नाही. लग्नाचा हिरवा चुडा वत्सलानेच भरला. दर बाजाराला ती मोहगावला जायची, छायाचा हात मांडीवर घ्यायची आणि उठताना टिकल्यांची एक डबी तिच्या ओटीत टाकायची. वर टिकल्यांचा कागद, खाली गोळ्या. वर्ष होत आलं. एक बांगडी वाढली नाही.

उन्हाळा संपत आला होता. छायाच्या सासूचं, देवकाबाईचं बोलावणं आलं, चुड्या भरायला ये. वत्सला गेली. देवकाबाईने ओसरीवर चटई टाकली, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. आधी आपले हात भरून घेतले, मग सुनेचे भरवले. सगळं यथासांग झाल्यावर कमरेची एक डबी काढली आणि टोपलीत ठेवली.

“हे डबी तुहीच न, वत्सलाबाई?”

“माहीच दिसते.”

“उघड.”

वत्सलाने उघडली.

“तुह्या टिकल्या पांढऱ्या काऊन हायेत?”

वत्सला म्हणाली, “ताकदीच्या गोळ्या हायेत.”

“ताकदीची गोळी टिकल्याखाली लपवून खातात का? माह्या घरी काय दुधातुपाचा तोटा हाये?” देवकाबाईचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “नर्सबाई गावात ज्या वाटून राहिली, थ्याच ह्या. बच्चे न होण्याच्या. वरीस होत आलं, सुनेचं पोट कोरं. मी देवळात नारळ फोडून राहिली, अन् तू तिले हे चारून राहिली. कोणं सांगितलं तुले? हिच्या मायनं?”

नर्सबाईच्या गोळ्या चंदेरी पाकिटात येतात आणि ह्या कागदाच्या पुडीतल्या सुट्या, हे देवकाबाईला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिने त्या कधी हातात धरल्या नव्हत्या. चोरून खाल्लेली गोळी म्हणजे तीच गोळी. त्या दिवसांत दुसरी कोणती गोळी सून चोरून खाईल, हे तिच्या काय, गावातल्या कुठल्याच सासूच्या डोक्यात आलं नसतं.

वत्सलाने मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात छाया उभी होती. नुकत्या भरलेल्या हातांनी चौकट धरून. तिने मान हलवली, इतकी थोडी की फक्त वत्सलालाच दिसावी. नाही.

वत्सलाने तिथल्या तिथे हिशेब मांडला. पोर नको म्हणणाऱ्या सुनेला दोन थपडा बसतात, शपथ घालतात, आणि पाळणा हलला की सगळं विसरतात. मिरगीवाल्या सुनेला पेटीसकट बसमध्ये बसवून देतात. गोळ्यांचं काय, त्या दुसऱ्या वाटेने पुन्हा आणता येतील. घर गेलं तर घर आणता यायचं नाही.

“हो,” ती म्हणाली. “थ्याच हायेत. मीच दिल्या. पोरीले काही मालूम नाही. मी तिले ताकदीच्या म्हणून देत होती.”

देवकाबाईने डबी मोरीत उलटी केली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. छायाला देव्हाऱ्यापाशी नेलं, अन्नपूर्णेवर हात ठेवायला लावला: कुठलीच गोळी, कुणीही दिली तरी, तोंडात घालणार नाही. मग परत आली आणि वत्सलाच्या टोपलीत सूपभर ज्वारी ओतली. हात भरल्यावर कासारणीला रिकामं धाडत नाहीत.

“घे. अन् या उंबरठ्यावर पुन्हा दिसू नको.”

चुडा भरला की सुनेने कासारणीच्या पाया पडायचं, हीही रीत. देवकाबाई रीत मोडणारी नव्हती. छाया वाकली, आणि वाकल्या वाकल्या म्हणाली, “काकू, थोडे दिवस चालते न?”

रोज गोळी घेत नाही म्हणून जिने सुखदेवची बायकोदेखत फजिती केली होती, उपासाच्या दिवशी बायांच्या घशात गोळी उतरवली होती, ती बाई म्हणाली, “चालते, बाई. मी करतो काही.”

तिथून ती घरी गेलीच नाही. सौंसरला उतरली ती टोपली डोक्यावर घेऊन सरळ शकुंतलाबाईंकडे.

“छायाले घरी आना. आजच कोणाले धाडा.”

सगळं ऐकून घेतल्यावर शकुंतलाबाई म्हणाल्या, “आजच कशी आणता येईन? तिथे भांडण झालं अन् आपण लगेच आणली, तर लोक म्हणतील काही तरी आहे.”

“हायेच न काही तरी.”

“हळू बोल.” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत जयश्री होती. “पांढुर्ण्याचे पाहुणे येऊन राहिले या आठवड्यात. जयश्रीचं जमत आलं आहे. एवढं होऊन जाऊ दे. अखाडीला नवी लेक माहेरी येतेच, तेव्हा छायाला आणू. कुणी विचारणारही नाही.”

“मिरगी अखाडीची वाट पाहीन का?”

“इतके वर्षं नाही आली. गेली असंन आता.”

“गेली नाही, शकुंतलाबाई. गोळीनं बांधून ठेवली होती.”

श्रीधररावांनी पेपर खाली केला. “मिरगीचा संशय नाही येऊ दिला हे फार चांगलं केलंस, वत्सला. उपकार झाले तुझे.”

वत्सलाला आयुष्यात कुणी उपकार म्हटलेलं फारसं आठवत नव्हतं. जे ऐकलं ते घेऊन ती घरी गेली आणि पुंडलिकरावांना जेवायला वाढून स्वतः तशीच बसून राहिली.

पुढच्या बाजाराला ती मोहगावला गेली. देवकाबाईचं दार लागलेलं. हातपंपावर छायाऐवजी दुसरीच बाई पाणी भरत होती. म्हणाली, सुनेला बाहेर सोडत नाहीत, तू जा, नाही तर मार खाशील. वत्सला देवळाच्या पारावर उन्हं कलेपर्यंत बसली. गोळ्यांची नवी डबी पदरात होती. छाया आली नाही. रवींद्र दुकानातून येताना दिसला, तिने त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला काय सांगणार, आणि कुठलं सांगणार?

आणखी एक बाजार गेला. त्यानंतर एका सकाळी छाया चुलीपाशी पडली. त्यांना वाटलं चक्कर. शुद्धीवर यायच्या आत दुसरा झटका आला, मग तिसरा. घरात कुणाला हे काय आहे ते माहीत नव्हतं. माहीत असणारं माणूस त्यांनीच हाकलून दिलं होतं. कुणी कडुलिंबाचा डहाळा आणला, कुणी कांदा फोडला. रवींद्र ट्रॅक्टर मागायला धावला. सौंसरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत काही राहिलं नव्हतं.

वत्सला दवाखान्याच्या आवारात पोहोचली तेव्हा देवकाबाई जमिनीवर बसली होती. खरी रडत होती, ते खोटं म्हणता येणार नाही. वत्सलाला पाहताच उठली. “हेच थे. हिच्या गोळ्यांनी जळलं पोरीचं पोट. पोटातून डोक्यात गेलं जहर. डॉक्टरले विचारा.”

श्रीधरराव तिथेच होते, हाताच्या अंतरावर. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. ते आपल्या चपलांकडे पाहत राहिले. शकुंतलाबाईंनी पदर तोंडात घातला होता. पांढुर्ण्याची सुपारी चार दिवसांपूर्वी फुटली होती.

वत्सलाने श्रीधररावांकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. देवकाबाईने तिच्या टोपलीला लाथ घातली. आवारभर काच झाली, आणि कुणी वेचायला वाकलं नाही.

छाया तर गेलीच, पण प्रकरण तिच्यापाशी थांबलं नाही, हे सौंसरच्या शहाण्यांना मी अजून समजावू शकलेले नाही. कासारणीच्या गोळीने सून मेली, ही गोष्ट वत्सलाच्या आधी गावोगाव पोहोचली. ज्या घरांत तिच्या पुड्या जात होत्या त्या घरांनी त्या उकिरड्यावर टाकल्या. रामाकोन्याच्या त्या पहिल्या सुनेची सासू म्हणाली, माह्या सुनेचं नाव घेऊ नको. सुखदेवने निदान दारात येऊन सांगितलं.

“नको बाई आता. बायको भिऊन राहिली.”

“अरे, थ्या पोरीची गोळी सुटली म्हणून गेली ते.”

“मंग लोक उलटं काऊन सांगून राहिले?”

यावर वत्सलाकडे उत्तर होतं, पण ते तिचं नव्हतं. ते श्रीधररावांच्या घरचं होतं. त्या थंडीत सुखदेव शेकोटीत पडला. हात भाजला, बोटं चिकटली. मग बागेतली मजुरीही गेली.

त्याच थंडीत जयश्रीचं लग्न झालं. थाटात झालं. नवरीचा चुडा भरायला पांढुर्ण्याहून दुसरा कासार बोलावला होता. वत्सलाच्या दुकानावरून वरात गेली. शकुंतलाबाईंनी मान दुसरीकडे वळवली होती. बाई वाईट नव्हती, घाबरट होती, आणि घाबरट माणसाइतकं नुकसान वाईट माणूस करत नाही.

ये आता पुढे, वत्सला. पुढचं तुझ्या-माझ्यातलं आहे.

खरं काय ते तू एकट्या मला सांगितलंस, तेव्हाच मी तुला म्हटलं होतं की आपण दोघी मोहगावला जाऊ, देवकाबाईपुढे बसू आणि ती गोळी कशाची होती ते सांगू. तू म्हणालीस, जयश्रीचं होऊ द्या. जयश्रीचं झालं. तू म्हणालीस, तिला नांदू तर द्या. मी म्हटलं, मी एकटी जाते. तू कधी नव्हे ती माझ्यावर ओरडलीस. “खोटं मी बोलली, बाई. खरंही मीच बोलीन. तुमी कोन?” बरोबर होतं तुझं. माझं तोंड तिथे चाललं नसतं. टोपलीतून ती डबी तुझ्या हाताने गेली होती.

शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाला तू कबूल झालीस. गुरुवारची सकाळची बस ठरली. मी स्टँडवर आले तर तू आधीच येऊन बसलेली, टोपली नाही, काही नाही, धुतलेलं लुगडं. बस लागली. मी चढायला लागले, तू उठेनास.

“आज नको, बाई. काल कळलं, देवकाबाईच्या दारी मांडव पडला. रवींद्रचं दुसरं लग्न हाये. मांडवाखाली मेल्या सुनेची गोष्ट काढू नये.”

मी म्हटलं, तिथे नाही काढायची तर कुठे काढायची. तू हातानेच मला खाली बसवलंस.

“होऊन जाऊ द्या लग्न. मंग जाऊ आपन.”

बस गेली. मग पोळा झाला, आणि तुला कावीळ धरली. मोहगावला आपण गेलोच नाही.